‘तू आहेसच ना पुण्यात’

ताई,

मी २४ वर्षांची, मूळची बार्शीची. इंजिनिअरिंग करून हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले, त्याला दोन वर्षं झाली. क्लायंट कॅलिफोर्नियाचा. सकाळी दहाला ऑफिस गाठायचं आणि शेवटचा कॉल रात्री साडेनऊला. नोव्हेंबर लागला की तोच साडेदहाला. शनिवारीसुद्धा टीम लीडचा ‘जरा बघ ना’ असा मेसेज येतो. वाकडला आम्ही तिघी जणी फ्लॅट घेऊन राहतो. तिथे गावाकडचं कुणी ना कुणी येतच असतं. कुणाची परीक्षा, कुणाचा दवाखाना, कुणाचं जॉइनिंग. ‘तू आहेसच ना पुण्यात’ म्हणतात. बाबांचं दुकान पूर्वीसारखं चालत नाही, म्हणून दर महिन्याला घरी पैसे पाठवते, भावाची फीही मीच भरते. हल्ली सकाळी उठवत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. तीच ओळ चारदा वाचते तरी डोक्यात शिरत नाही, आणि जे काम आवडीनं करायचे त्याचा आता तिटकारा येतो. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘एसीत बसून कसला गं थकवा? बाबा बारा तास उभे असतात.’ तिचंही खरंच आहे. कुणाला नाही म्हटलं की आपण स्वार्थी झालोय असं वाटतं. मी आळशी झालेय का? नोकरी सोडून देऊ का?

– एक वाचक, वाकड

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता, या अवस्थेत नोकरी सोडू नकोस. माणूस इतका दमलेला असला की त्याला फक्त सुटका दिसते, पुढचे सहा महिने दिसत नाहीत. आणि तुझ्या पगारावर घरचा बराच भार आहे. पण जे चाललंय ते तसंच चालू देऊ नकोस, हेही तितक्याच ठामपणे सांगते.

सगळ्यात आधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व, एवढं तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. घराबाहेर राहणाऱ्या मुली दुपारी मिळेल ते खातात आणि रात्री कॉल संपल्यावर मॅगी. शाकाहारी असशील तर बी-१२ कमी असण्याची शक्यता आणखी वाढते. सकाळी न उठवणं, लक्ष न लागणं, धडधड होणं, ही यातल्या एखाद्या बिघाडाचीही लक्षणं असू शकतात. जे गोळ्यांनी बरं होईल त्याला स्वभावाचा दोष समजून स्वतःला बोल लावत बसू नये.

आता आईच्या बोलण्याबद्दल. आईला तुझं काम दिसत नाही, कारण तिनं पाहिलेलं काम अंगानं करायचं असतं. बाबांचे बारा तास कष्टाचे आहेत, त्यात शंकाच नाही. पण रात्री ते शटर ओढतात, कुलूप लावतात आणि घरी येतात. त्यानंतर कुणी गिऱ्हाईक त्यांच्या उशाशी येऊन ‘जरा बघा ना’ म्हणत नाही. तुझ्या दुकानाला शटरच नाही. सकाळी दहाला उघडतं, रात्री साडेदहाला शेवटचं गिऱ्हाईक, मग झोपेतही कान फोनकडे, आणि शनिवारीही अर्धं उघडं. फोन वाजला की छातीत धस्स होतं ते म्हणूनच. फोनवर काय असेल हे माहीत नसतं, आणि ते कधीही असू शकतं. आईला हे असंच सांग. तिला ‘स्ट्रेस’ हा शब्द परका वाटेल, दुकान तिला ठाऊक आहे.

कामाच्या मानसशास्त्रात यावर बरंच संशोधन झालेलं आहे. जर्मनीतल्या साबिने झोनेनटाग यांनी अनेक वर्षं हाच प्रश्न अभ्यासला, की काम संपल्यावर माणूस पुन्हा ताजा कशानं होतो. नुसतं कामावरून उठणं पुरत नाही, मनानंही कामातून सुटावं लागतं, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. म्हणून रविवारी दहा तास झोपूनही तू सोमवारी दमलेलीच उठतेस. त्या दहा तासांतही फोन उशाशीच होता.

आळशी झालेय का, असं विचारतेस. ‘बर्नआउट’ या शब्दाचा उगम बघ. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल तो वापरला. ती बरीचशी तरुण मुलं होती, पोटतिडकीनं काम करणारी. कामचुकारांची ही अवस्था होत नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या वर्गीकरणात तिची नोंद केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यानं येणारी स्थिती म्हणून. तिची लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. ‘सकाळी उठवत नाही’, ‘तिटकारा येतो’, ‘डोक्यात शिरत नाही’, हे तिन्ही तू स्वतःच लिहिलं आहेस. तुझं निदान मी करू शकत नाही, पण तुझं पत्र वाचून मला आळस कुठेच दिसला नाही.

आता कामाकडे वळू. पुढचे दोन आठवडे एका साध्या वहीत रोज दोन ओळी लिही: काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, आणि ठरलेल्या वेळेनंतर कोण काय मागायला आलं, ते थांबू शकलं असतं का. हे टीम लीडला दाखवायला नाही, तुझ्यासाठी. ‘खूप काम आहे’ म्हणून बोलायला गेलीस तर ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर ठरलेलं. आकडा हातात असला की बोलणं बदलतं. बेरीज आठवड्याला ५५ तासांच्या वर गेली तर ते गंभीरपणे घे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तू २४ वर्षांची आहेस, हा धोका उद्याच दारात उभा राहणार नाही. पण सवयी याच वयात लागतात.

मग तो रात्रीचा कॉल. तुझ्या टीममध्ये त्याच्याकडे सगळे पावसासारखे पाहत असावेत, आला की भिजायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपली जागची हलत नाहीत, म्हणून तिकडचे सकाळचे नऊ आपल्याकडे साडेनऊऐवजी साडेदहा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा सरळ होतं. म्हणजे वर्षातले चार महिने तो जास्तीचा तास तुम्ही सोसता. तो तिकडच्यांनी का सोसू नये? हिवाळ्यापुरता त्यांनी कॉल सकाळी आठला घेतला तर तुमचे साडेनऊच राहतात. बहुतेक वेळा क्लायंटला हे कुणी सांगितलेलंच नसतं. हे नोव्हेंबर उजाडण्याआधी, टीम लीडमार्फत आणि टीमच्या वतीनं मांड. ‘मला त्रास होतो’ असं न म्हणता, ‘चार महिन्यांसाठी अर्धा-एक तास अलीकडे घेता येईल का’ असं विचार.

दुसरं, त्या कॉलला रोज सगळ्यांनी बसायची खरंच गरज असते का? पाचजणांच्या टीममधले दोघं आळीपाळीनं बसले आणि बाकीच्यांना सकाळी चार ओळींची नोंद मिळाली, तर काय अडेल? आणि ज्या दिवशी तुझी पाळी, त्या दिवशी तू ऑफिसला दुपारी बाराला येशील, असं आधीच ठरवून घे. रात्री उशिरापर्यंत थांबायचं आणि सकाळी दहालाही हजर व्हायचं, हे दोन्ही एकाच माणसाकडून मागितलं जातंय, आणि तू एकदाही विचारलेलं नाहीस की यातलं कुठलं खरंच हवंय.

शनिवारच्या ‘जरा बघ ना’साठी मी तुला भांडण सुचवणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी, निघण्यापूर्वी टीम लीडला एक मेसेज: ‘शनिवार-रविवार मी मेसेज बघणार नाही. क्लायंटची चालू सिस्टीम बंद पडली तर फोन करा, मी उचलेन. बाकीचं सोमवारी सकाळी पहिलं घेते.’ यात उर्मटपणा कुठेच नाही. खरी अडचण आली तर दार उघडं आहे, फक्त ते फोनचं दार आहे. मेसेज टाकायला काही पडत नाही, शनिवारी दुपारी फोन करायला माणूस दोनदा विचार करतो. पण हे पाळायचं तुला आहे. शनिवारी तूच कुतूहलानं ग्रुप उघडून ‘हो बघते’ लिहिलंस की शुक्रवारचा मेसेज फुकट गेला, आणि पुढच्या वेळी तो कुणी मनावर घेणार नाही. कामाच्या ॲपची नोटिफिकेशनं सुट्टीच्या दोन दिवसांत बंदच करून ठेव. हेही सांगते: पहिले दोन-तीन शनिवार फार अवघड जातील. काहीतरी बिघडलंय, लोक नाराज झालेत असं वाटत राहील. ती अस्वस्थता चुकीचं वागल्याची नाही, सवय मोडल्याची आहे. जाऊ दे ते शनिवार.

नवं काम गळ्यात येईल तेव्हा ‘नाही’ म्हणायची धास्ती वाटत असेल तर एक प्रश्न विचार: ‘हे घेते. मग आत्ता हातात असलेल्या दोनपैकी कोणतं पुढे ढकलू?’ ठरवायचं काम ज्याचं आहे त्याच्याकडे ते परत जातं. तुझ्यासारख्या मनापासून करणाऱ्या मुलीकडे जास्त काम येतं, कारण ती करते. त्याला अंत नसतो. तो वरिष्ठ वाईट असेलच असं नाही, त्याला तुझं ताट किती भरलंय हेच दिसत नसतं.

कायद्याचंही थोडं माहीत असू दे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आहे, आठवड्याची सुट्टी आहे आणि वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत. व्यवस्थापकीय पदांना तो लागू होत नाही. कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण तसा कायदा झालेला नाही. म्हणून उद्या जाऊन कलमं ऐकवू नकोस. पण आपण मागतोय ती मेहेरबानी नाही, एवढं मनात पक्कं असलं की आवाज आपोआप स्थिर राहतो. आणि साठलेल्या रजा वाया घालवू नकोस. दिवाळीच्या रजेचा अर्ज आत्ताच टाक.

तुझ्या पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपली ती ऑफिसची नव्हतीच. ती ‘तू आहेसच ना पुण्यात’ ही.

मराठवाड्यातून, सोलापूरकडून, साताऱ्याकडून शिकून आलेल्या प्रत्येक मुलामुलीनं हे वाक्य ऐकलेलं असतं. त्यात आपुलकी आहे, ती मी नाकारत नाही. आपली अनेक घरं अशाच कुणाच्या तरी खोलीच्या आधारानं वर आली. एखाद्या काकांनी पोराला चार वर्षं ठेवून घेतलं म्हणून तो मास्तर झाला. तेव्हा हे ऋण खोटं नाही. पण त्या काकांच्या घरी काकू होत्या, स्वयंपाक होता, मोरी-पाण्याची सोय होती. तुझ्या फ्लॅटवर तीन दमलेल्या मुली, तीन गाद्या आणि एक सकाळी येणाऱ्या मावशी आहेत. भाडंही तिघी भरता. तू न विचारता पाहुणा आणलास की नकळत त्या दोघींचंही घर काढून घेतेस, आणि त्यांना तुझ्यापेक्षाही बोलायची चोरी.

म्हणून हे एकदाच, सगळ्यांना सारखं लागू होईल असं ठरव. आधी त्या दोघींशी बोल: महिन्यात किती रात्री, कोण, पुरुष पाहुणे चालतील का. मग आईशी. बहुतेक निरोप आईच्या तोंडून जातात. ‘अगं जा की, आमची लेक आहे तिथं’ असं कौतुकानं तीच म्हणत असणार. लेकीचं घर पुण्यात आहे, हा तिचा अभिमान आहे, तो दुखवू नकोस. तिला म्हण, ‘आई, तू हो म्हणण्याआधी मला फोन करत जा. मी जमेल ते नक्की करेन. पण परस्पर कुणाला हो म्हणू नकोस, मग मला ऐनवेळी नाही म्हणावं लागतं आणि तुझाच शब्द खाली पडतो.’ आईला शब्द खाली पडण्याचं दुःख लगेच कळेल.

आणि सगळ्या कामांना एकाच तराजूत घालू नकोस. आत्याचं ऑपरेशन असेल तर जा, रजा टाक, रात्रभर दवाखान्यात बस. तिथे हिशेब नको. पण मावसभावाची परीक्षा म्हणजे तू सुट्टी घेऊन त्याला स्वारगेटवरून आणायचं, केंद्रावर सोडायचं आणि संध्याकाळी शनिवारवाडा दाखवायचा, असं नाही. त्याला सांग, ‘केंद्राजवळचं लॉज बघून देते, बस कुठली ते पाठवते. रविवारी दुपारी जेवायला ये, पोटभर गप्पा मारू.’ तो वीस वर्षांचा आहे, त्याला रस्ता सापडेल. न जमणारं तोंडदेखलं हो म्हणून कुढत करण्यापेक्षा जमणारं थोडं हसतमुखानं केलेलं पाहुण्यालाही बरं वाटतं. काही जण बोलतील. ‘पुण्याची झाली’ म्हणतील. बोलू दे. एक-दोन वर्षांनी त्यांचीही मुलं शहरात नोकरीला लागतील.

पैशांचं थोडक्यात. घरी पाठवतेस ते चांगलंच करतेस. रक्कम मात्र ठरलेली असू दे, दर महिन्याच्या गरजेप्रमाणे वाढणारी नको. भावाला फीचा आकडा माहीत असू दे, आणि शैक्षणिक कर्ज किंवा शिष्यवृत्तीसाठी धडपडायचं काम त्याचं असू दे. घरी पैसे पाठवायच्या दिवशीच थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाक, जोपर्यंत तीन-चार महिन्यांचा तुझा खर्च त्यात साठत नाही. ते पैसे साठले की टीम लीडशी बोलताना तुझा घसा कोरडा पडणार नाही. या एका गोष्टीनं बाकी सगळं सोपं होतं, असं मी अनेक मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

स्वार्थीपणाबद्दल विचारतेस. एक उलटा प्रश्न विचारते. गेल्या सहा महिन्यांत आईशी तू किती वेळा धड बोललीस? चिडचिड न करता, फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं लॅपटॉप न चालवता? ज्यांच्यासाठी तू हे सगळं ओढतेस त्यांच्या वाट्याला आज तुझा उरलेला, वैतागलेला तुकडा येतोय. सगळ्यांना हो म्हणून घरच्यांना हे मिळत असेल, तर त्याला त्याग म्हणायला माझं मन तयार नाही.

झोपेसाठी एवढंच: कॉलच्या रात्री जेवण कॉलच्या आधी कर. कॉल संपल्यावर लगेच अंथरुणात पडून रील बघू नकोस. अर्धा तास सोसायटीत चाल, किंवा मैत्रिणींशी गप्पा मार. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, आणि गजरासाठी साधं घड्याळ.

एक गोष्ट नीट लक्षात घे. रजेवर, घरी, आईच्या हातचं खातानाही काही बरं वाटत नसेल, आठवडेच्या आठवडे रडू येत असेल, भूक आणि झोप पार बिघडली असेल, किंवा जगूच नये असा विचार एकदाही मनात आला असेल, तर ते कामाच्या थकव्याच्या पलीकडचं आहे. तेव्हा वही आणि मेसेज पुरणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि जाईपर्यंत थांबवत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन कर. ही केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नैराश्य हा उपचारानं बरा होणारा आजार आहे.

राहिला नोकरी सोडायचा प्रश्न. तीन महिने हे सगळं प्रामाणिकपणे करून बघ. मग क्रिस्टिना मास्लाच आणि मायकेल लायटर या संशोधकांनी सांगितलेल्या सहा गोष्टी समोर ठेव: कामाचा भार, त्यावर आपला ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक, आणि आपली मूल्यं. फक्त भार जास्त असेल तर तो बऱ्याचदा हलका करता येतो, कंपनीतच दुसऱ्या प्रोजेक्टवरही जाता येतं. पण तू नीट मांडूनही कुणी ऐकलं नाही, श्रेय दुसऱ्याला गेलं, शनिवारी मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून मूल्यमापनात कापलं, तर ती जागा तुझी नाही. मग निर्धास्तपणे दुसरी शोध. नोटीस पीरियड किती दिवसांचा आहे ते ऑफर लेटरमध्ये आत्ताच बघून ठेव. दुसरी ऑफर लेखी हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस, आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये निदान दहा दिवस बार्शीला जाऊन राहा. मुलाखतीत पगाराइतक्याच स्पष्टपणे विचार: क्लायंट कुठल्या टाइम झोनमधला आहे, शेवटचा कॉल किती वाजता असतो, आणि गेल्या वर्षभरात या टीममधून किती जण सोडून गेले.

सस्नेह,
तुझी ताई